हात पाठीमागे

३ मार्च

चिमणीची सुई आज पुन्हा चुकली. चिमणी म्हणजे आमच्या वॉर्डातली नवी नर्स — चण तेवढीच, आवाजही! इन्चार्ज बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शीर शोधतेयस की हरवलेलं कानातलं?" सगळे हसले. मीही ओठ दाबले. शी!

शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर तिची रवानगी रेकॉर्ड रूममध्ये.

४ मार्च

आताशा ती पेशंटच्या तोंडाकडे बघतच नाही, नुसती मनगटं बघते. सात नंबरच्या पलंगावरचे शिंपीकाका म्हणाले, "पोरी, या हाताला माणूसही जोडलेला आहे बरं!" तिचे डोळे भरले. मी नेहमीप्रमाणे पुढे झाले — "आण इकडे." एका झटक्यात सुई लावली. केवढं बरं वाटलं!

मला.

५ मार्च

कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर आठवल्या. भरतकामात माझा टाका चुकला की त्या हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. "उसव, चाइल्ड. पुन्हा घाल." माझी सुई त्यांनी कधीच हातात घेतली नाही. आणि मी? दीड महिना चिमणीच्या हातून काढून घेतेय! बाई जिभेने तिचा हात खचवतात, तेच मी मायेने केलं.

६ मार्च

दुपारी रजा. माझे रिपोर्ट आणले. कपाटात ठेवले.

७ मार्च, शुक्रवार

शिंपीकाकांचा हात सुजला. सलाईन दुसऱ्या हाताला लावायचं. बाई दारात उभ्या.

"ताई, तुम्हीच लावा ना —" चिमणी म्हणाली.

मी हात पाठीमागे बांधले. बोटं अशी आवळली की वळ उठले! "सावकाश लाव गं. घाई कुणाला आहे?"

"मला आहे," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही चहा घेऊन या." मी! तीस वर्षांत पहिल्यांदा!

चिमणीने स्टूल ओढलं. बसली. काकांच्या तोंडाकडे पाहिलं. "काका, सुईत दोरा ओवताना काय करता हो?"

"श्वास धरतो."

दोघांनी धरला. मीही.

लागली! पहिल्याच खेपेला!

"फिटिंग एक नंबर!" काका ओरडले. अख्ख्या वॉर्डाने टाळ्या पिटल्या. "रेकॉर्ड रूमसाठी दुसरं कुणीतरी शोधते," बाई म्हणाल्या, आणि खरंच चहाला गेल्या!

११ मार्च

शिंपीकाका घरी गेले. सात नंबर आता माझा. उद्या माझ्या गाठीचं ऑपरेशन.

चिमणीने स्टूल ओढलं. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ताई, हात पुढे करा बरं. आज पाठीमागे नाही चालायचा!"