उन्हाला वाकळ

अप्पा, परवा माझ्या धाकटीचं लग्न झालं, तुम्ही न पाहिलेल्या नातीचं. मुहूर्त दुपारचा, त्यामुळे फोटोंची वेळ आली तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर. फोटोग्राफरने जोडप्याला अंगणात उभं केलं आणि दोघांच्या डोळ्यांच्या जागी मला नुसत्या काळ्या खाचा दिसल्या. मी आतून जुनी, विरलेली पांढरी चादर आणली आणि भाच्यांना तिची टोकं धरून दोघांच्या डोक्यावर ताणायला सांगितलं. फोटोग्राफर हसून म्हणाला, "काय आजी, दुसरा मांडव घालताय का?" मग त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हसायचा थांबला. "कुठं शिकलात हे?" लग्नघरात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून आता तुम्हालाच लिहिते आहे.

मी तेव्हा कॉन्व्हेंटात शिकत होते आणि सुट्टीला सोलापूरला घरी आले होते. बोलपट अजून यायचे होते. तुमचा सिनेमाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा आणि सगळी भिस्त उन्हावर. तुम्ही सकाळी लवकर चित्रण करायचात, नाहीतर ऊन कलल्यावर. मधल्या उन्हाला तुम्ही 'आंधळं ऊन' म्हणायचात, कारण त्यात माणसाचे डोळे दिसत नाहीत. पण त्या सुट्टीत तुम्ही ज्या चित्रपटाचं चित्रण करत होतात, त्याची नायिका होती धनगरीण, आणि तिचा मुख्य प्रसंग मेंढरं पाण्यावर येतात तेव्हाचा. अक्कलकोटच्या वाटेवरच्या तळ्याकाठी तुम्ही धनगरमामांना विचारलंत, मेंढरं सकाळी आणता येतील का? मामा म्हणाले, "आनतो की. पर पानी न्हाई पिनार. दुपारबिगर ती तोंड लावत न्हाईत. नुसती हुबी ऱ्हातील, तुमच्याकडं बघत." म्हणजे त्या आंधळ्या उन्हातच काम करायचं होतं.

पहिला दिवस पार वाया गेला. तुम्ही गिरणीचं कोरं कापड नायिकेच्या डोक्यावर ताणलंत आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड टाकायला समोर चकचकीत पत्रे लावलेत. कापडाची खळ तशीच होती. वारा आला की ते चाबकासारखं फडाफड वाजायचं. त्यात पत्र्याचा कवडसा मेंढरांच्या डोळ्यांवर गेला आणि अख्खा कळप माळावर उधळला. मामा शिव्या देत मागे धावले. नायिका डोळे चोळत म्हणाली, "हे पत्रे असतील तर मी डोळे उघडणार नाही." सिनेमा कंपनीचे मालक छत्रीखालून उठले आणि सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "उद्या जमलं नाही तर मी मुंबईहून दुसरा कॅमेरामन बोलावतो. मग तुम्ही लग्नाचे फोटो काढत बसा."

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला आहात आणि आईला विचारता आहात, "माझी जुनी धोतरं कुठे आहेत?" आई भाकरी थापते आहे. "ती वाकळीसाठी ठेवलीत मी. तुम्हाला कशाला?" तुम्ही सांगितलंत, की धुऊन धुऊन विरलेलं कापड हवं आहे, वाजणार नाही आणि ऊन गाळून देईल असं. आईने तव्यावरची भाकरी उलटली. "म्हणजे आता उन्हाला वाकळ घालायची. बरं आहे. माझी शिलाई सिनेमात जाणार आणि मी इथे चुलीपुढे." पण तिने त्याच संध्याकाळी धोतरं एकमेकांना जोडून दिली, आणि टाके असे बारीक, की शिवणीची सावली कुठे पडू नये.

दुसऱ्या दिवशी मेंढरं यायच्या आधी तुम्ही मला हाक मारलीत. नायिका बाभळीखाली बसून होती. सगळं तयार झाल्याशिवाय ती उन्हात येणार नव्हती. तिच्या जागी दगडावर मी बसले. ताठ बसायचं आणि चुळबुळ करायची नाही, हे सिस्टरांनी मला चांगलं शिकवलं होतं. डोक्यावर धोतरं ताणली गेली आणि ऊन एकदम दुधासारखं झालं. पत्र्यांऐवजी तुम्ही चुना फासलेली फळी माझ्यासमोर ठेवलीत. तुम्ही वाकून पाहिलंत, मागे गेलात, पुन्हा आलात. "डोळे आले," तुम्ही म्हणालात, "पण नाक गेलं." सगळीकडून सारखाच उजेड, चेहरा परातीतल्या पिठासारखा सपाट. मालक घड्याळ काढून बघत होते. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत आणि तुमची नजर मामांच्या खांद्यावर थांबली.

"मामा, घोंगडी द्या."

"थंडी वाजतीय व्हय सायेब?"

"हिच्या डाव्या बाजूला धरा. अंगाला लावू नका, नुसती उभी धरा."

मामांनी धरली. "नवी हाय, भोक पाडू नगा. समदी मानसं सावलीसाठी धरत्यात घोंगडी, तुमी पोरीचं गाल काळं करायला धरताय."

काळ्या घोंगडीने एका बाजूचा उजेड पिऊन टाकला आणि माझ्या गालावर हलकी सावली उतरली. ती मला दिसत नव्हती, पण तुमच्या चेहऱ्यावर दिसली. तुम्ही लगेच नायिकेला हात केलात. मी उठले, ती बसली. मेंढरं आली. धोतरं वाजली नाहीत आणि मामा आपल्याच घोंगडीमागे उभे, त्यामुळे एकही मेंढरू बुजलं नाही. सगळी शांतपणे पाण्याला लागली. तुम्ही हँडल फिरवत राहिलात, आणि मालकांनी छत्री केव्हा मिटली ते त्यांनाही कळलं नसेल.

पुढे थिएटरात तो प्रसंग आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मेंढरं हितलीच की!" आणि सगळं थिएटर हसलं. मग नायिकेने मान वर केली, तिचे डोळे दिसले, आणि हसू विरलं. आई माझ्या शेजारी होती. ती कुजबुजली, "टाके कुठे दिसले नाहीत ना?" खेळ सुटल्यावर मुंबईहून आलेले एक पाहुणे मालकांना म्हणाले, "सकाळचं ऊन काय सुरेख पकडलंय." मालकांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पान तोंडात टाकलंत आणि मान डोलावलीत. दुसऱ्या कॅमेरामनचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्या चित्रपटाची एकही प्रत आता उरलेली नाही म्हणतात. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. हे पत्रही कुठे जायचं नाही, इथेच उशाशी राहील. फक्त एक सांगते. त्या दगडावर मी बसले होते तेव्हा तुम्ही माझ्या गालावरची सावली निरखत होतात, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला सारखं वाटत होतं, की अप्पा माझ्याकडे बघताहेत. अजूनही तसंच वाटतं.