दत्तूचा ताप

मंठा, १४ मे १९७४

आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर दत्तू परवा गेला. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं, ताप. पण ताप कशाचा, ते मला माहीत होतं. मुतखड्याच्या दुखण्यावर त्याला पेथिडिनची, अफूसारखी सवय लावणारी, इंजेक्शनं सुरू झाली. दुखणं थांबलं, सुई थांबली नाही. ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट! गेल्या महिन्यात मी ती बाही वर सरकवली, तर दंडात पू झालेला.

"सिस्टर, कुणाला बोलू नका."

मी पट्टी बांधली आणि गप्प बसले. का? त्याची नोकरी जाईल म्हणून? की माझी?

आज त्याच्या घरी भेटायला गेले, तर त्याची आई चार माणसांत सुनेवर ओरडत होती, "हिनंच कायतरी खाऊ घातलं माझ्या लेकराला! घराबाहेर काढा हिला!" त्याची बायको सखू मान खाली घालून उभी. मला ती बाहीच दिसत होती.

मी बोलून गेले, "आजी, दत्तू स्वतःला सुया टोचून घ्यायचा. त्या जखमेचं विष रक्तात भिनलं. हिचा काही दोष नाही."

म्हातारी माझ्याकडे वळली. "मंग तवाच का न्हाई सांगितलं, बाई? हात कापला असता, पर लेकरू राह्यलं असतं."

सखू हळूच म्हणाली, "मला बी ठावं होतं, आत्याबाई."

उद्या डॉक्टरांना दाखल्यावरचं कारण बदलायला सांगणार. चिडतील. चिडू देत.