भाऊजींच्या लॉनची हजामत

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी (जे स्वतःच्या लॉनवरही कधी पडत नाहीत, त्या चरणी) धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार. मी आणि बाबा मजेत आहोत. ताईची पाठ कशी आहे? नात आता झोपू देते का? तुमचं पित्त बरं असेल तर पुढे वाचा. नसेल तर आधी गोळी घ्या, मी थांबते.

घेतलीत? तर विषय लॉनचा आहे. तुम्ही दोघं लेकीकडे राहायला निघालात तेव्हा टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि तुम्ही फाटक धरून मला ऋतुवार सूचना देत होतात. त्यातली उन्हाळ्याची मला चांगली आठवते: यंत्राचं पातं वर घ्यायचं, गवत उंच ठेवायचं, म्हणजे मुळांवर सावली राहते. मी ती बाबांना जशीच्या तशी सांगितली. पण भाऊजी, उभा जन्म सलूनमध्ये काढलेल्या माणसाला उन्हाळ्यात केस वाढवा असं सांगून बघा. बाबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मी भाजी आणायला गेले आणि परत येईपर्यंत त्यांनी तुमच्या लॉनचा उन्हाळी कट करून टाकला होता. मागून पुढून एकसारखा, कडेला कल्ले कोरलेले. दिसत होतं झकास, खोटं कशाला बोलू. आठवडाभरात त्याचा रंग जुन्या पायपुसण्यासारखा झाला.

मी हबकले. बाबांनी मात्र वाकून एक पिवळी काडी दोन बोटांत धरली आणि नाराज गिऱ्हाइकाची समजूत घालावी तसं म्हणाले, "मुळं शाबूत आहेत. येतील परत."

(याच सुमारास तुम्ही व्हिडिओ कॉल करून लॉन दाखव म्हणालात. मी दाखवलं. ते शेजारच्या दंतवैद्यांचं होतं. कुंपणावरून हात लांब करावा लागला म्हणून चित्र हलत होतं, नेट चांगलं होतं. याला म्हणतात निगा, असं म्हणून तुम्ही माझं कौतुक केलंत. मध्येच त्यांच्या सौभाग्यवती चादर वाळत घालायला आल्या, तेव्हा शेजारी फार मदत करतात असं मी सांगितलं. ते मात्र पुढे खरं झालं.)

आता तुम्ही विचाराल, बाबांना आवरलं का नाहीस. भाऊजी, ताईने तुम्हाला अर्धंच सांगितलं असणार. दुकान बाबांनी गुडघ्यांमुळे बंद केलं नाही. त्यांचा हात थरथरायला लागला होता आणि एके दिवशी मुख्याध्यापकांच्या कानाला कात्री लागली. जेमतेम ओरखडा, ते बिचारे हसलेसुद्धा. बाबांनी त्यांचे राहिलेले केस नीट कापून दिले, शटर ओढलं आणि पुन्हा उघडलं नाही. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि विचारलं तेवढंच बोलायचे. मला ते बघवत नव्हतं. उन्हाळी कट केला त्या दिवशी ते जेवताना आपणहून बोलले, भाजीही मागून घेतली. माझ्या जागी तुम्ही असतात तर लॉन वाचवलं असतंत की सासरे? (उत्तर कळवू नका.)

पावसाळ्यात गवत आलं, पण सोबत त्याचं सगळं गणगोतही आलं. बाबा बुटक्या स्टुलावर बसून, छत्री मानेत अडकवून, एकेक तण पांढरा केस उपटावा तसा उपटत. खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबायला लागलं, तेव्हा दंतवैद्यांनी येऊन तपासणी केली आणि मातीला काट्याने खोल भोकं पाडायला सांगितलं. (भोकं पाडण्यात त्यांचा हात कोण धरणार?) पाणी उतरलं. दोघांची गट्टी जमली, फक्त दंतवैद्य बाबांसमोर टोपी घालून बसतात.

पानगळीत बाबा एक पान लॉनवर टिकू देत नसत. गिऱ्हाईक उठल्यावर केस झाडावेत तसं झाडून काढत. मधोमध राहिलेल्या टकलावर त्यांनी बी टाकलं आणि चिमण्यांनी खाऊ नये म्हणून दुकानातलं पांढरं कापड चारी बाजूंनी खोचून वर अंथरलं. पोस्टमन फाटकाशी आला. त्या लांबट पांढऱ्या आकाराकडे बघून त्याने टोपी काढली आणि हळूच विचारलं, कधी झालं. बाबा म्हणाले, सकाळीच, आणि आता काही दिवस कुणी हलवायचं नाही. पोस्टमन मागच्या मागे निघून गेला. ताईने पाठवलेलं पार्सल त्यामुळेच उशिरा मिळालं.

थंडीत गवत वाढेना, तेव्हा बाबा नुसतीच हवेत कात्री चालवून हात मोकळा ठेवायचे. आता ऊन पुन्हा तापायला लागलंय आणि तुमचं लॉन हिरवंगार आहे. या खेपेला पातं वर आहे. याला लांबच शोभतात, असं बाबांनी स्वतः ठरवलं. तुमच्या सूचनेचा त्यात काही संबंध नाही. कडा अजूनही ते कंगवा लावून कापतात. पुढच्या महिन्यात निर्धास्त या. माझं मागणं काही नाही.

आपली,
धाकटी मेहुणी (हंगामी माळीण)

ता. क. दिवाणखान्यातला आरसा जागेवर दिसणार नाही. तो फाटकाजवळच्या झाडाला टांगला आहे, आणि त्याच्यासमोर तुमची हातांची खुर्ची. बाबा रोज सकाळी खुर्ची पुसतात आणि मागे उभे राहतात. अजून कुणी बसलेलं नाही. दंतवैद्य हल्ली मागच्या गल्लीने जातात.

आणखी एक ता. क. मागणं काही नाही म्हटलं ते खोटं. इकडे येण्याआधी केस कापू नका. ते तुम्हाला किती प्रिय आहेत ते मी जाणते (लग्नाच्या प्रत्येक फोटोत ताई तुमच्याकडे बघते आहे आणि तुम्ही आरशाकडे). बाबांचा हात अजून थोडा थरथरतो, हेही लपवत नाही. पण त्या खुर्चीत पहिलं कुणीतरी बसायला हवं, आणि दुसऱ्या कुणाकडे हे मागायला माझी जीभ रेटत नाही. बॅगा फाटकातच ठेवा, लॉनवरून सरळ चालत या आणि बसा. फारच बारीक झाले तर घाबरू नका. येतील परत.