शोभाच्या कर्जावर माझी सही

२ सप्टें., मंगळ.
प्राजूचं शैक्षणिक कर्ज अडलं. अर्जात तिच्यासोबत आई म्हणून माझं नाव, त्यामुळे बँकेतल्या साहेबांनी माझा क्रेडिट स्कोअर पाहिला. ५९१. "मॅडम, फार कमी आहे." मी जन्मात वाण्याचे चार रुपये ठेवले नाहीत! चूक त्यांचीच असणार. पुण्याला फिजिओथेरपीची फी ३० तारखेच्या आत भरायचीय.

४ सप्टें., गुरु.
रागाच्या भरात आणखी तीन बँकांत अर्ज टाकून आले. आता कळतंय, प्रत्येक अर्जाला चौकशी होते आणि तेवढ्यानेही स्कोअर घसरतो. ५७४. आगीतून फुफाट्यात. शहाणी मी.

५ सप्टें., शुक्र.
शिक्षक दिन. पोरांनी गुलाब दिले. संध्याकाळी प्राजूने मोबाइलवर माझा पूर्ण रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा फुकट मिळतो म्हणे, मी कधी बघितलाच नव्हता. त्यात एक कर्ज: मी जामीनदार. सहा हप्ते थकलेले. शोभाचं.
आठवलं. तिच्या नवऱ्याच्या यंत्रमागासाठी घेतलेलं. आमच्या स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीने जामीन राहायचं, ही रीतच. नाही म्हणणं म्हणजे दारातलं हळदीकुंकू परतवणं. वह्या तपासता तपासता सही ठोकली, वाचलंसुद्धा नाही. वर पेढा खाल्ला.
प्राजूने फीचा कागद घडी घालून कपाटात ठेवून दिला. तेच लागलं.

८ सप्टें., सोम.
शोभाला शाळेच्या जिन्यात गाठलं. रडली. माग बंद, तिच्या मालकांचं डायलिसिस. "तुला कुठल्या तोंडानं सांगू गं?"
हे गेले त्या आजारात नऊ दिवस हीच दवाखान्यात माझ्याजवळ बसून होती. तरीही चिडले. चिडायलाच हवं होतं.

११ सप्टें., गुरु.
शोभा खुशीत. बँक तडजोडीला तयार: निम्मं भरा, मोकळ्या व्हा. भावाने तेवढे दिले. "सोमवारी सही केली की सुटले बघ!"
मी माझ्या बँकेतल्या साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "तडजोड झाली की तुमच्याही रिपोर्टवर तसा शेरा पडतो, वर्षानुवर्षं राहतो. मग मुलीचं कर्ज विसरा. पूर्ण फेडल्याचा दाखला आणा, मी केस वर पाठवतो."
तिला हे सांगायचं कसं...

१४ सप्टें., रवि.
शोभाच्या घरी. सगळं सांगितलं. उरलेल्या निम्म्यासाठी माझ्या पाटल्या मोडते म्हटलं. तिने कप खाली ठेवला.
"बँकेतनं सुटंन गं. तुझ्यातनं कधी सुटायची मी?"
आतून तिचे मालक, पडल्या पडल्या: "कुणाच्या पाटल्या घ्यायच्या न्हाईत."
"आणि प्राजूचं काय?" मी विचारलं. शोभा कप उचलून मोरीकडे गेली. राग आला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच. रिक्षा न करता चालत घरी आले.

१५ सप्टें., सोम. मधली सुट्टी
शोभाचा फोन. "बँकेत बसलीय. कागद पुढ्यात हाय. तू म्हण, करू का नको?"
नको म्हटलं तर पाटल्या तिच्या गळ्यात मारल्यासारख्या. कर म्हटलं तर घरी जाऊन प्राजूला तोंड दाखवायचं. घंटा झाली. आठवी ब चा गोंगाट इथवर येतोय.
फोन डाव्या कानाशी धरून हे लिहितेय. मी बोलत नाही, ती ठेवत नाही.