छोटं आधी, ताई शेवटी

१ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून कर्जमुक्तीचं वर्ष सुरू. जानेवारी धरत नाही. जानेवारीत सर्दी होती.

नवी वही आणली. जाड पुठ्ठा, आत रिबन. ६५० पडले. पण दहा रुपड्यांच्या वहीत मोठे निर्णय टिकत नाहीत. कार्डावर घेतली.

काल तीन तासांचा व्हिडिओ बघितला. पद्धत एकदम सोपी. सगळी देणी छोट्यापासून मोठ्यापर्यंत लिहायची. सगळ्यात छोटं आधी फेडायचं आणि टिक करायची. टिक केली की अंगात जोर येतो, त्या जोरावर पुढचं फेडायचं. तर:

मॅडम (आमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात) – १,५००
किराणावाला – २,२००
फोनचे राहिलेले हप्ते – १४,०००
क्रेडिट कार्ड – ३८,६५० (वही धरून)
ताई – ९०,०००

बायकोने मागून वाचलं. म्हणाली, ताई फोन करून तगादा लावत नाहीत, म्हणून त्या शेवटी ना? तिला सांगितलं की यात भावना नसते, पद्धत असते. ती म्हणाली, बरं. तिला पैशातलं कळत नाही. माझ्या पगारात घर चालवते, ते वेगळं.

३ फेब्रुवारी
पगार. मॅडमचे दीड हजार दिले. टिक!! खरंच जोर येतो. त्या जोरात सगळ्या दुकानाला कॉफी पाजली. ६४०. मॅडम म्हणाल्या, अहो, आधीच कॉफी पाजली असती तर मी पैसे मागितलेच नसते.

५ फेब्रुवारी
किराणावाला. टिक. परत येताना त्याच्याकडूनच तेल आणि साबण आणला. ४१० बाकी. हे नवीन आहे, जुन्या यादीत धरत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
शर्ट आणायला लाँड्रीत गेलो. ताई तिथे एकोणीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते. माझे शर्ट फुकट करते. मी कधी मागितलं नाही, तिने कधी बिल दिलं नाही. असं आमचं चांगलं आहे.

बातमी: लाँड्रीवाले काका धंदा सोडून मुलीकडे राहायला चाललेत. दोन मशीन, वाफेची प्रेस, जागेचा करार, सगळं ताईला द्यायला तयार आहेत. नव्वद हजार अनामत, ३१ मेपर्यंत. नाहीतर बाहेरचा माणूस बघणार. ताईने हे मला सांगितलं. मागितलं नाही. सांगताना माझ्याच शर्टाची कॉलर दाबत होती.

मी म्हणालो, तू यादीत आहेस.
ती म्हणाली, कसल्या यादीत रे सोन्या?
पद्धत समजावली. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे मी कितवी? मी म्हणालो, पाचवी, पण दोन झाल्या, म्हणजे आता तिसरी. ती हसली. दमल्यासारखी हसली, पण उभ्याचं काम आहे, दमणारच.

ती जाऊन काकांना म्हणाली, माझा भाऊ आणतोय. मी ऐकलं. छाती भरून आली.

१२ फेब्रुवारी
ताईचे हे नव्वद हजार कशात गेले, ते एकदा लिहून ठेवावं. तीन वर्षांपूर्वी गॉगल मागवले होते. ऑनलाइन विकणार होतो. दोनशे नग. मापात थोडा फरक पडला. सगळे लहान मुलांचे आले. रोज भिंगं कापून फ्रेममध्ये बसवणाऱ्या माणसाकडून मापात चूक कशी होते, असं बायको दर सहा महिन्यांनी विचारते. होते. ते गॉगल पलंगाखाली आहेत. हिशेबात मी त्यांना मालमत्ता धरतो.

२० फेब्रुवारी
कार्डवालीचा फोन. दर गुरुवारी असतो, साडेअकराला, मी मशीनवर असताना. आवाज फार चांगला. म्हणते, सर, आज किती भरणार सर? मी पद्धत सांगितली. ती म्हणाली, सर, तुमची पद्धत चांगली आहे सर, पण व्याज रोज चढतं. मला सर म्हणणारं दुसरं कुणी नाही. पाचशे भरले.

४ मार्च
मॅडमनी भिशी काढली. आमचं दुकान, वरचा दवाखाना, शेजारचं मेडिकल मिळून बारा जण. महिन्याला पाच हजार काढायचे, चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याने त्या महिन्याचे साठ हजार उचलायचे. लगेच नाव दिलं. भिशी म्हणजे बचत. कर्जात असताना बचत करणारी माणसं फार थोडी.

पहिला हप्ता कार्डावरून काढून दिला.

१८ मार्च
थकवा. कशाने ते कळत नाही. खर्च लिहून काढायचे म्हटलं तर हात जड होतो. रिबन मात्र रोज पुढच्या पानावर सरकवतो.

३ एप्रिल, दुपारी १.४०
चिठ्ठीत माझं नाव!!! साठ हजार!!!
मॅडम म्हणाल्या, अजून दहा हप्ते भरायचेत बरं का, हे लक्षात ठेवा. माणसाचा आनंद काही लोकांना बघवत नाही.

४ एप्रिल
बायको सकाळपासून एकच धरून बसली. साठ ताईंना द्या, तीससाठी काकांकडे मुदत मागा. मी म्हणालो, पद्धत मधेच मोडली की सगळं कोसळतं, व्हिडिओत चक्क एक माणूस रडताना दाखवलाय. ती म्हणाली, आणि ताई रडलेल्या दाखवल्यात का? असली तुलना करू नये.

५ एप्रिल
ऐतिहासिक दिवस. कार्ड (वाढून ४४,३०० झालं होतं) पूर्ण भरलं. टिक. फोनचे उरलेले दहा हजार एकरकमी. टिक. उरले ५,७००. त्यातले पाच पुढच्या भिशीला. सातशेचं काय केलं आठवत नाही.

आता यादीत फक्त ताई. मैदान साफ. ५६ दिवस हातात.

कार्डाच्या कंपनीने खूश होऊन मर्यादा वाढवून दिली. न मागता. पत असणं म्हणजे काय, ते आज कळलं.

१० एप्रिल, गुरुवार
साडेअकरा वाजून गेले. फोन नाही. जरा चुकल्यासारखं वाटलं.

१९ एप्रिल
अडचण लक्षात आली. यादीत एकच देणं, तेही नव्वदचं. टिक करायला काहीच नाही. टिक नाही तर जोर नाही, आणि जोर नाही तर नव्वद कसे फेडणार? व्हिडिओत यावर काही नाही. बहुतेक त्या लोकांना बहिणी नसतात.

२१ एप्रिल
उपाय सापडला. मॅडमकडून सकाळी पाचशे उसने घेतले. वहीत लिहिले. खिशाला हात लावला नाही. संध्याकाळी तीच नोट परत केली. टिक! जोर आला.

२४ एप्रिल
आज तीन टिका. मॅडम पाचशे, मेडिकलवाला दोनशे, दवाखान्याची सिस्टर शंभर. सगळं दिवसाच्या आत फेडलं. एप्रिलमध्ये माझ्याइतकी कर्जं कुणी फेडली नसतील.

२ मे
मॅडमनी पैसे द्यायला नकार दिला. म्हणाल्या, अहो, तुम्हाला लागत नसतात तर घेता कशाला? माझ्या पर्समध्ये होते तिथे बरे होते की. त्यांना सरावाचं महत्त्व सांगितलं. त्यांनी तपासणीची खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, इकडे या, तुमचेच डोळे तपासते.

८ मे
मशीनवर असताना टिकांचा विचार करत होतो. दूरचं-जवळचं एकत्र असलेलं महागडं भिंग. खूण चार मिलिमीटर वर बसली. गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर. चष्मा घालून दुकानाच्या तीन पायऱ्या उतरले, घोड्यासारखा एकेक पाय उचलत. खाली पोहोचल्यावर अजून एक पायरी शोधत होते. मग परत वर आले आणि मालकांना शांतपणे म्हणाले, मला जमीन फार जवळ आलीय.

साडेआठ हजार माझ्या पगारातून कापणार. हे यादीत लिहीत नाही. ते आपोआप फिटतंय.

१६ मे
पलंगाखाली झाडायला वाकलो तर जागा मोकळी. गॉगल गायब. बायको म्हणाली, विकले. एका उन्हाळी शिबिरात नाच बसवणाऱ्या बाईंना, शेवटच्या दिवसाच्या कार्यक्रमासाठी. सगळे मिळून अकरा हजार. विचारलं, पैसे कुठे आहेत? म्हणाली, ताईंना देऊन आले.

म्हणजे तीन वर्षं जी मालमत्ता मी सांभाळली तिला शेवटी भाव आला. ताई: ७९,०००. अर्धी टिक करावी का? पद्धतीत अर्धी टिक नाही. पेन्सिलीने केली.

२३ मे
शिल्लक बघितली. ६,२००. कार्ड वापरात आलंय, २१ हजार. त्याला कर्ज म्हणत नाही, वापर म्हणतो.

२८ मे, दुपारी
काकांना मुदत मागायला गेलो. मुद्दाम ताईच्या जेवणाच्या सुट्टीत. काका कपड्यांचे नंबर लावत होते. मान वर न करता म्हणाले, किती दिवस पाहिजेत? मी म्हणालो, प्रोसेस चालू आहे. ते म्हणाले, एप्रिलमध्ये एक जण रोख घेऊन आला होता. तुझी बहीण म्हणाली, माझा भाऊ आणतोय. मी त्याला परत पाठवला. परवा तो पुन्हा आला. आता मला गाडी आहे एक तारखेची.

निघालो. बाहेर ऊन फार होतं.

३१ मे
ताईला मेसेज केला: प्रोसेसमध्ये आहे, टेन्शन घेऊ नकोस. अडीच तासांनी तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

मी जायला पाहिजे होतं. डोकं दुखत होतं.

७ जून
लाँड्रीला नवीन मालक. नवा पांढरा बोर्ड. बिलाचं मशीन. सगळ्यांना निळे एप्रन. ताई आहे तिथेच आहे, त्याच टेबलाशी. बायको सांगत होती. मी तिकडून गेलो नाही, तो रस्ता जरा लांब पडतो.

१४ जून, संध्याकाळी ६
ताई घरी आली. बसली नाही. म्हणाली, ती वही दे. दिली. तिने पानं उलटली, टिका बघितल्या. एप्रिलची पानं दोनदा वाचली.  मग पहिलं पान काढलं, माझं पेन घेतलं, आणि स्वतःच्या नावापुढे टिक केली.

मी म्हणालो, अगं पण ताई.
ती म्हणाली, सोडले रे सोन्या. माझ्याच्याने आता वाट नाही बघवत. हा विषय पुन्हा काढायचा नाही.
बायको स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बंद केला.

टिक वाकडी आली. ताईला पेन नीट धरता येत नाही, अंगठ्याला इस्त्रीचा घट्टा आहे. मी केली असती तर चांगली आली असती.

१५ जून
कर्जमुक्त. सहा महिन्यांच्या आत. सगळ्या नावांपुढे टिक. साजरं करावं म्हणून बायकोला म्हणालो, बाहेर जेवू या. ती म्हणाली, तुम्ही जा.

गेलो नाही.

१६ जून
जोर आला नाही अजून.

१८ जून, सकाळी ९.२०
आज दुकानात कंपनीचा माणूस येणार होता, बरा शर्ट हवा होता. तो लाँड्रीत पडून होता मेपासून. गेलो.

ताई काउंटरवर होती. निळा एप्रन, छातीवर नंबर: ३. मागे नवा मालक उभा, हात बांधून. भिंतीवर पाटी, उधार बंद. ताईने शर्ट काढला, मशीनवर बोट ठेवलं, कागद बाहेर आला. चाळीस.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझं बिल. खिसे चाचपले. अठरा निघाले. कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, शंभरच्या खाली कार्ड चालत नाही. मी हळूच म्हणालो, ताई, असू दे ना, उद्या देतो. तिने एकदा मागे मालकाकडे बघितलं. मग शर्ट परत दांडीला अडकवला, बाही सरळ केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, पैसे घेऊन नंतर या, सर.

कालच्याच शर्टात दुकानात आलोय. वही उघडली.

लाँड्री – ४०

सगळ्यात छोटं आहे. आधी हेच फेडायचं.