लेसरखालची थरथर

५ ऑगस्ट २००२
आणखी चौदा झडपा परत आल्या. लेसरने धातूची पावडर वितळवून आम्ही पंपाच्या झडपांवर कठीण थर चढवतो. त्यात बुडबुडे अडकतात, पंप गळतात. मॅनेजर दिगंबर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं — महिनाअखेर लेसर विभाग बंद, शेडमध्ये कॉम्प्युटर क्लास. "नंदाबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. तिथे फॉर्म भरून घेत जा."
सहा वर्षं हे मशीन चालवते आहे मी. फॉर्म!

७ ऑगस्ट
पार्ट धुवायच्या अल्ट्रासॉनिक टाकीकडे बघत बसले होते. सेकंदाला अठ्ठावीस हजार वेळा थरथरते, म्हणून मळ सुटतो. मग धातू पातळ असताना झडपच थरथरवली तर? बुडबुडे वर येऊन फुटतील. सरांना सांगितलं. "वितळता पार्ट हलवायचा नसतो, हे आयटीआयत पहिल्या वर्षी शिकवतात. त्या दिवशी गैरहजर होतात का?"
हजर होते. तरी करणार.

१० ऑगस्ट
टाकीचं थरथरणारं डोकं काढून झडपेखाली बसवलं. तापलेली झडप क्लॅम्पमधून निसटून माझ्या बुटावर. सरांनी नुसतं घड्याळ पाहिलं. ते जास्त लागलं.

१७ ऑगस्ट
जोर जास्त झाला की पावडरच उडते. चार झडपा वाया. आज थरथर निम्मी केली. झडप कापली, घासली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली — एकही बुडबुडा नाही. तीनदा पाहिलं. मग सरांना बोलावलं. बराच वेळ डोळा लावून उभे होते. "असतो एखादा योगायोग."
संध्याकाळपर्यंत आणखी नऊ योगायोग केले.

२६ ऑगस्ट
"उशीर झाला," सर म्हणाले. "क्लासवाल्यांना शब्द दिलाय."
कापलेले दहा तुकडे डब्यात घातले आणि बसने कोथरूड गाठलं. आमच्या झडपा परत पाठवणाऱ्या पंपवाल्या सुनीतीबाईंचं ऑफिस. कुणी बोलावलं नव्हतं.
"दिगंबररावांना माहीत आहे?"
"उद्या कळेल. मीच सांगणार आहे."
त्यांनी भिंग मागवलं.

३१ ऑगस्ट
सुनीतीबाईंनी मशीन विकत घेतलं. मांजरी गावातल्या त्यांच्या शेडमध्ये जाणार. विभाग माझ्याकडे.

५ सप्टेंबर
मांजरीला मशीन उतरवून घेत होतो. फाटकात दिगंबर सर, हातात फाइल. क्लासवाल्यांना मॅनेजर नको आहे. "इथे अनुभवी माणूस लागेल का?"
"लागेल. पण थरथर कशी द्यायची ते माझ्याकडून शिकावं लागेल."
त्यांनी फाइल फाटकाजवळच्या खुर्चीवर ठेवली. "शिकवा."