‘इतर’मधली ताडपत्री

१८ ऑगस्ट २०२४

दुकानाची वेबसाइट आली एकदाची! वैभवने आदिलाबादच्या एका माणसाकडून करून घेतली. वर आडवी पट्टी आहे, मेनू म्हणतात तिला. पहिलं नाव ‘उद्धवराव’. हे माझे थोरले भासरे, म्हणजे मोठे दीर, वैभवचे वडील. दुसरं ‘पंढरी’, मधले. तिसरं — ‘इतर’!

इतर म्हणजे मी. आमचे हे, डोमाजी, होते तेव्हा दुकानात तीन भावांच्या तीन गाद्या. थोरल्यांकडे फवारणीचे पंप, मधल्यांकडे पाइप, आमच्याकडे ताडपत्री, दोर, बारदाना. हे गेले, तेव्हापासून गादी मी चालवते. आता मेलेल्याचं नाव लिहायचं की बाईचं? लिहिलं इतर. थोरल्यांचंच डोकं असणार. पण बोलू कुणाला? आमच्यात थोरल्या भासऱ्यांशी थेट बोलत नाहीत. एका छताखाली बसायचं आणि निरोप तिसऱ्याने पोचवायचा. तिसरा कुणी नसला की मी भिंतीला सांगते, ते ऐकतात.

२ सप्टेंबर

माझ्याकडे गिऱ्हाईक तुटलंय. लोक ताडपत्री मोबाइलवर मागवतात, घरपोच. आज पंढरीभाऊजींनी थोरल्यांचा निरोप आणला — दिवाळीपर्यंत पाहू, नाहीतर चंदाच्या जागेत पाइप ठेवू.

म्हणजे मी घरी बसायचं. हे गेल्यावर या गादीवर बसले म्हणून माणसात आले मी. चार लोक नावाने ओळखतात. जागा गेली की संपलं. आज जेवण गेलं नाही.

५ सप्टेंबर

हर्षाली, वैभवची बायको, बासरची. कंप्युटर शिकलेली. म्हणाली, काकू, वेबसाइट मी हातात घेते. घे बाई!

९ सप्टेंबर

काय पोरगी आहे! दुकानात येईल त्याच्या हातात मोबाइल देते, म्हणते — यात ताडपत्री शोधा. आणि गप्प बसते. नुसती अंगठ्याकडे पाहते. तलमडुगूचे एक कापूसवाले ‘उद्धवराव’ दाबून पंपच पाहत बसले. दुसऱ्याने ‘इतर’ दाबलं, आत निघालं ‘संकीर्ण’, त्याच्या आत ‘साहित्य’. तेवढ्यात चहा आला, त्याने मोबाइल ठेवून दिला.

माझी जीभ नुसती वळवळत होती. हर्षालीने डोळ्यांनीच दटावलं. नंतर म्हणाली, “काकू, तो वावरात बसून शोधन तवा सांगाले तुमी तिथं असनार नाई.” पटलं. मोबाइल आपल्याला येत नाही म्हणून ते दोघे उलट ओशाळले होते. हर्षाली त्यांना म्हणाली, चूक तुमची नाही, आमची.

१० सप्टेंबर

गूगलचंही विचारलं. ती म्हणते, तेही गिऱ्हाइकासारखंच — दारातून आत येतं, वाट दिसेल तिकडे जातं. दाराजवळ जे मांडलं तेच या दुकानात मोठं, असं समजतं. माझी ताडपत्री तीन खोल्या आत, वर पाटी ‘इतर’. लोक शोधताना ‘ताडपत्री’ लिहितात, ‘उद्धवराव’ कोण लिहिणार? इथे गुडीहत्नूरात कुणाकडे काय मिळतं हे शेंबडं पोरही सांगेल. पण उटनूरच्या माणसाला आमच्या घरात थोरला कोण, धाकटा कोण, याचं काय! आम्ही वेबसाइटवर दुकान नाही, घरातला मान मांडून ठेवला होता.

म्हटलं, मग बदल की. हर्षालीने मोबाइल बाजूला ठेवला. थोरल्यांचं नाव खाली कोण घेणार?

१३ सप्टेंबर

आज तिने मोबाइल चक्क थोरल्यांच्या हातात दिला. “मामाजी, ताडपत्री शोधा.” मी ताग्यांमागे उभी. ते शोधत राहिले. चष्मा पुसला, पुन्हा शोधलं. स्वतःच्या दुकानातली ताडपत्री त्यांना सापडेना! मोबाइल गादीवर ठेवला, चपला घातल्या, हायवेच्या कडेला जाऊन उभे राहिले. खूप वेळ.

आता सगळं बिघडलं. हर्षालीलाही माझ्यापायी बोलणी बसणार.

१४ सप्टेंबर

नावं गेली!! ‘ताडपत्री व दोर’, ‘फवारणी पंप’, ‘पाइप व ठिबक’, ‘पत्ता व फोन’. बस्स, एवढंच. त्यात ताडपत्री सगळ्यात पुढे, कारण आता सोयाबीन निघेल. एकदा दाबलं की माल समोर. तेलुगू गिऱ्हाइकांसाठी तेलुगूतही तेच.

सासऱ्याचं नाव पुसायची छाती लागते. या घरात कुणी केलं नसतं. मी तर नाहीच. हर्षालीची दृष्ट काढावीशी वाटली.

३ ऑक्टोबर

रोज शोधून पाहते. आधी आम्ही कुठेच नव्हतो. मग दुसऱ्या पानावर दिसलो, आज पहिल्या पानावर, तळाशी. हर्षाली म्हणते हमी देता येत नाही, वर-खाली होत राहतं. होऊ दे! दिसलो तर खरं.

११ ऑक्टोबर

आभाळ भरून आलंय, सोयाबीनच्या गंज्या उघड्यावर. सकाळपासून फोन. इच्चोड्याचा एक, उटनूरचे कितीतरी. कसं सापडलं विचारलं, तर म्हणे मोबाइलवर लिहिलं, तुमचंच समोर आलं. दोर कापून कापून बोटं सोलली. आनंद झाला, खूप.

२४ ऑक्टोबर

मागे पत्र्याचं शेड उभं राहतंय. पाइप तिकडे जाणार. माझी जागा राहिली! हर्षालीला लुगडं घ्यायचं ठरवलंय, ती नेसणार नाही तरी.

२ नोव्हेंबर, पाडवा

लुगडं देताना विचारलं, थोरल्यांना तू तयार कसं केलंस? ती म्हणाली, मी कुठं केलं काकू! माझी हिंमतच नव्हती. त्या दिवशी रस्त्यावरून परत आले आणि मामाजीच बोलले — “माह्यं नाव काढून टाक. माह्या नावामागं चंदाचं दुकान झाकून गेलं.”

तशीच उठले, त्यांच्या गादीसमोर जाऊन उभी राहिले. मधे कुणी नव्हतं. काय हाक मारायची तेही ठाऊक नाही. भाऊजी म्हटलं, चहा आणू का म्हटलं. त्यांनी वर पाहिलं.

“आन. तुहाही आन, अन् बस इथं.”